प्रेग्नन्सीत व्हिटॅमिनच्या गोळ्या कशा घ्यायच्या
सगळ्यात आधी एक काम करा, घरात ज्या ज्या गोळ्या, सिरप, प्रोटीन पावडर चालू आहे ते सगळं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, कारण दोन डब्यांत तेच व्हिटॅमिन असतं आणि डोस डबल होतो ते आपल्या लक्षातच येत नाही.

फॉलिक अॅसिड बाळाचा विचार सुरू केला तेव्हापासूनच घ्यायचं, रोज 400 मायक्रोग्रॅम, पहिले तीन महिने तर चुकवूच नका, बाळाचा मणका आणि मेंदू तेव्हाच तयार होत असतो. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे लोहाची गोळी फुकट मिळते, 60 मिलिग्रॅम लोह, रोज एक, कमीत कमी 180 दिवस. शी काळी होते, घाबरू नका. मळमळलं तर रात्री जेवून घ्या पण बंद करू नका प्लीज. चहासोबत अजिबात नको, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियम वेगळ्या वेळी, मधे दोन तास तरी जाऊद्या, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

आता खरी काळजीची गोष्ट म्हणजे व्हिटॅमिन ए. रेटिनॉल, म्हणजे गोळ्या-तेलातलं तयार व्हिटॅमिन ए, रोज 10,000 आययूच्या (लेबलवर IU लिहिलेलं असतं, ते व्हिटॅमिन मोजायचं एकक) वर गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून कॉड लिव्हर ऑइल (माशाच्या यकृताचं तेल) आणि साधं मल्टीव्हिटॅमिन मनाने घेऊ नका, लेबल वाचा. गाजर, भोपळा, पालक बिनधास्त खा, त्यातल्या बीटा कॅरोटीनने, म्हणजे ज्यापासून शरीर स्वतः व्हिटॅमिन ए बनवतं त्याने, असं होत नाही.

आणि आधीच्या बाळाला जन्मतःच मणक्याचं व्यंग असेल, किंवा फिट्सची गोळी चालू असेल, तर फॉलिकचा डोस खूप जास्त लागतो, ते पहिल्याच भेटीत सांगा.