फोन जेलब्रेक करायचा का, आणि दुसरा नंबर त्यात बसवायचा कसा

आमच्या वहिनी ऐरोलीला राहतात, घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. नंबर आधी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून बाजूच्या सोसायटीत, तिथून घणसोलीला, आणि आता रात्री साडेअकराला कोणीतरी विचारतं की ताई, चकली भाजणीची आहे ना? तर मागच्या गणपतीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दिलेला तो जुना आयफोन आहे ना, त्यात धंद्याचा वेगळा नंबर टाकायचाय, स्टेशनजवळचा मोबाईलवाला म्हणतो जेलब्रेक मारून देतो, दोन्ही नंबर एकातच चालतील, आठशे रुपये." म्हटलं थांबा, आठशे रुपये खिशात ठेवा, आधी मी बघतो.

हाच प्रश्न मला ऑफिसमधल्या दोघांनीही विचारलाय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

आधी एक घोळ मिटवू. दुकानात तीन वेगळ्या गोष्टींना सर्रास एकच नाव देतात. परदेशातल्या कंपनीला बांधलेला फोन इथल्या सिमवर चालवणे म्हणजे अनलॉक. जुन्या मालकाचं आयक्लाउड खातं फोनवर अडकलेलं असेल तर तो वेगळाच प्रकार, असा फोन घेऊच नका, चोरीचा असू शकतो. आणि जेलब्रेक म्हणजे अ‍ॅपलने आयओएसला घातलेलं कुंपण तोडून अ‍ॅप स्टोअरबाहेरची अ‍ॅप्स आणि सिस्टीममध्ये बदल करणारे ट्वीक टाकता येतील असं करणे. अँड्रॉइडवाले त्याच्या भावाला रूट मारणे म्हणतात. जेलब्रेकने लॉकवाला फोन आपोआप अनलॉक होत नाही, आणि ज्या फोनला एकच सिम ट्रे आहे त्याला दुसरी ट्रे तर अजिबातच फुटत नाही! मोबाईलवाला नक्की काय करून देणार होता हे मला अजून कळलेलं नाही.

पण जेलब्रेक आणि दुसरा नंबर यांचं नातं अगदीच हवेतलं नाही हां. २००९ मध्ये अमेरिकेत गूगल व्हॉइस आलं, एक नंबर घ्या आणि तो तुमच्या सगळ्या फोनवर वाजवा अशी सोय. अ‍ॅपलने त्याचं अ‍ॅप स्टोअरमध्ये घेतलंच नाही, दुसऱ्या लोकांनी बनवलेली त्याच कामाची अ‍ॅप्स होती तीही काढून टाकली, इतकं की तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने अ‍ॅपलला पत्र पाठवून कारण विचारलं. त्यातलं एक अ‍ॅप मग सिडियावर आलं, म्हणजे जेलब्रेकवाल्यांच्या दुकानात. नोव्हेंबर २०१० मध्ये अ‍ॅपलने शेवटी परवानगी दिली, पण तोपर्यंत आयफोनमध्ये दुसरा नंबर पाहिजे असेल तर जेलब्रेक कर हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मोबाईलवाला तेच पंधरा वर्षं जुनं सांगतोय. आणि गूगल व्हॉइसचा घरगुती नंबर भारतात मिळतही नाही.

तेव्हाची बाकीची कारणंही बघा एकेक करून कशी गळाली. कॉपी-पेस्ट २००९ मध्ये आलं, त्याआधी लोक त्यासाठी जेलब्रेक करायचे, हसू नका. खालून बोट सरकवून वायफाय बंद-चालू करणं आयओएस ७ मध्ये, दुसऱ्या कंपन्यांचे कीबोर्ड आयओएस ८ मध्ये, स्क्रीन रेकॉर्डिंग आयओएस ११ मध्ये, होम स्क्रीनवरचे विजेट १४ मध्ये. कॉल रेकॉर्डिंगसाठी तर मी स्वतः तळमळायचो, ते आयओएस १८.१ मध्ये आलं, समोरच्याला आवाजात कळवून रेकॉर्ड होतं, आणि खरं तर तसंच व्हायला पाहिजे.

मग आता उरलं काय? जुना फोन हवा तसा सजवणे, फाइल सिस्टीममध्ये शिरून बघणे, अ‍ॅप आतून कसं चालतं ते शिकणे. सिक्युरिटीचं काम करणारी मुलं यासाठी एक वेगळा फोनच ठेवतात. आणि हौस. हौस हे कारण मी मानतो, फक्त ती रोजच्या फोनवर करू नका, ज्यात बँक आहे त्या फोनवर तर नाहीच.

माझंच सांगतो. २०२० च्या आसपास मी माझा रोजचा आयफोन ८ जेलब्रेक केला होता. संध्याकाळी गावदेवीच्या मंडईत मेथी, कोथिंबीर, अर्धा किलो गवार घेतली, एकशे दहा रुपये झाले, बँकेचं अ‍ॅप उघडलं तर लाल पट्टी, तुमच्या डिव्हाइसशी छेडछाड झालेली आहे, अ‍ॅप चालणार नाही. खिशात वीस रुपये. मागे रांग. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या "राहूदे, उद्या दे," आणि मी ठाण्यात जन्मलेला माणूस स्वतःच्याच गल्लीत उधारीवर मेथी घेऊन घरी आलो. बँकेचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कुंपण मी तोडलं होतं. जेलब्रेक ओळखला की बरीच बँक अ‍ॅप्स सरळ बंद पडतात, आणि ते लपवणारे ट्वीक आज चालतात, पुढच्या अपडेटला झोपतात, हा उंदीर-मांजराचा खेळ पगाराच्या खात्याशी खेळायचा नसतो.

धोकाही खरा आहे. जेलब्रेक फोनमध्ये बाहेरून शिरण्यासाठी एसएसएच नावाची वाट उघडली की तिचा पासवर्ड सगळ्यांचा एकच असायचा, अल्पाइन. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका पोराने त्याचाच फायदा घेऊन व्हायरससारखा एक किडा सोडला, तो निदान फक्त वॉलपेपर बदलायचा. २०१५ मध्ये मात्र जेलब्रेक फोनमधून सव्वादोन लाख अ‍ॅपल खात्यांचे पासवर्ड चोरीला गेले.

एवढं ऐकूनही जुन्या फोनवर करायचंच असेल तर असं करा. आयफोन ८ आणि एक्स हे सोपे पडतात, कारण २०१९ मध्ये चेकमेट नावाची फट सापडली ती थेट चिपमध्ये कोरलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे, अ‍ॅपलला अपडेट देऊन ती बुजवताच येत नाही. आयफोन ४ एस ते एक्सपर्यंत सगळ्यांत आहे. या दोन फोनना आयओएस १६ च्या पुढे अपडेटही नाही. टूलचं नाव पॅलेरेन, मॅक किंवा लिनक्स लागतं, विंडोजवर थेट चालत नाही. केबल जुन्या चौकोनी यूएसबीची घ्या, दोन्ही बाजू टाइप-सी असलेल्या केबलने फोन डीएफयू मोडला (म्हणजे काळ्या स्क्रीनने कॉम्प्युटरच्या ताब्यात) जाताना नाटकं करतो. आधी बॅकअप. मग फोन पूर्ण पुसा आणि नव्याने चालू करताना पासकोड लावूच नका, कारण आयओएस १६ वर या दोन फोनमध्ये एकदा जरी पासकोड लावलेला असेल तर परत पुसावं लागतं. म्हणजे जेलब्रेक असेपर्यंत पासकोड नाही, फेस आयडी नाही. असा उघडा फोन घेऊन ठाणे-वाशी लोकलमध्ये चढायचं का ते तुम्हीच ठरवा. टूल चालवलं की स्क्रीनवर कुठलं बटण किती सेकंद दाबायचं ते सांगतं, पहिल्या वेळी चुकतंच, परत करा. झालं की पॅलेरेनचं अ‍ॅप दिसेल, त्यातून सिलियो नावाचं दुकान टाका, तिथून ट्वीक घ्या, अनोळखी रेपो (ट्वीकचे साठे) आणि फुकट मिळणारी पैशांची अ‍ॅप्स यापासून लांब राहा. पासवर्ड ठेवायला सांगितला तर अल्पाइन नको, स्वतःचा वेगळा ठेवा. आणि फोन बंद होऊन परत चालू झाला की जेलब्रेक गेला, परत कॉम्प्युटरला लावायचा. कंटाळा आला तर पुसून मूळपदावर आणता येतो.

दुकानदाराकडून मात्र करून घेऊ नका, तो आत काय ठेवून देतो ते तुम्हाला दिसत नाही.

आता दुसरा नंबर, जो मुळात पाहिजे होता. तुमचा आयफोन एक्सएस, एक्सआर किंवा त्यानंतरचा असेल तर जेलब्रेकचा विषयच नाही, २०१८ पासून आपल्याकडच्या यातल्या बहुतेक फोनमध्ये एक साधं सिम आणि एक ईसिम (कार्ड नसलेलं, फोनच्या आतच असलेलं सिम) असं चालतं, १३ पासून दोन्ही ईसिम ठेवता येतात. *#०६# डायल करा, ३२ आकडी ईआयडी (ईसिमचा ओळख नंबर) दिसला म्हणजे फोन ईसिमवाला. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघंही ईसिम देतात. नवीन नंबर घ्यायचा तर गॅलरीत, म्हणजे कंपनीच्या दुकानात जा, आधार आणि स्वतःचं थोबाड घेऊन, केवायसी होते. मी मुद्दाम जुना, सगळ्यांना माहीत असलेला नंबर ईसिम केला आणि नवा नंबर साध्या सिमवर ठेवला, कारण फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी खातो, ईसिम त्याला काढता येत नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, यात भलेभले फसतात. साध्या सिमचं ईसिम केलं की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद असतो, म्हणजे ओटीपी नाही. ईएमआयच्या आदल्या दिवशी, किंवा तिकीट काढायचं असेल त्या दिवशी हे करू नका, शनिवारी सकाळी करा. घरी वायफायवर बसून करा आणि क्यूआर कोड दुसऱ्या स्क्रीनवर उघडा, म्हणजे कॅमेऱ्याने सरळ स्कॅन करता येतो. एकदा लागलेलं ईसिम सेटिंगमधून उडवू नका, तो कोड सहसा परत चालत नाही, पुन्हा गॅलरी.

लागलं की दोन्ही लाइनींना नावं द्या, घर आणि धंदा अशी सरळ. डीफॉल्ट कॉल कुठल्या लाइनवरून जाणार ते ठरवा, डेटा एकावरच ठेवा. कॉन्टॅक्टमध्ये जाऊन माणसागणिक लाइन ठरवता येते, हे खूप लोकांना माहीतच नसतं, गिऱ्हाइकाला फोन लावला की आपोआप धंद्याच्या नंबरवरून जातो. दोन्ही लाइनींचं वायफाय कॉलिंग आणि डेटा स्विचिंग चालू ठेवा, नाहीतर एकावर बोलताना दुसऱ्यावर येणाऱ्याला फोन बंद ऐकू येतो. नव्या लाइनवर आयमेसेज चालू केलंत तर परदेशात एक एसएमएस जातो, त्याचे पैसे कापले जातात, घाबरू नका. व्हॉट्सअ‍ॅप घरच्या नंबरवर आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस धंद्याच्या नंबरवर, ती दोन वेगळी अ‍ॅप्स आहेत, एकाच फोनमध्ये गुण्यागोविंदाने राहतात.

एक्स किंवा ८ सारखा एकाच सिमचा फोन असेल तर जेलब्रेक करूनही तो एकाच सिमचा राहतो. पूर्वी धंद्याचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवून व्हॉट्सअ‍ॅप आयफोनवर चालवायची युक्ती चालायची. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने मेसेजिंग अ‍ॅप्सना आदेश दिला की ज्या सिमवर खातं आहे ते सिम फोनमध्ये असायला हवं, त्यामुळे त्या युक्तीवर धंदा उभा करू नका. कॉल फॉरवर्डचंही तसंच, स्टार ४०१ वाला कोड सरकारने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवला, कारण चोर लोक कुरिअरवाला बनून तो डायल करायला लावायचे आणि तुमचे कॉल स्वतःकडे वळवायचे. अजूनही कोणी फोनवर तसा कोड दाबायला सांगितला तर ठेवून द्या.

अ‍ॅपमधून मिळणारे अमेरिकेचे वगैरे नंबर? मी नाही घेणार. बँकेचा ओटीपी बहुतेक तिथे येत नाही, पैसे भरणं थांबवलं की तो नंबर दुसऱ्याला मिळतो आणि त्याच्याबरोबर तुमचं व्हॉट्सअ‍ॅपही जाऊ शकतं. आणि ऐरोलीतल्या काकू परदेशी नंबरवरून आलेल्या चकलीवालीचा फोन उचलतील का?

दुसरा नंबर स्वतःच्याच नावावर घ्या. बहुतेक राज्यांत एका माणसाला ९ सिमची मर्यादा आहे, वर गेलात तर पहिल्यांदा ५०,००० पर्यंत दंड, परत सापडलात तर २ लाखांपर्यंत. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, बघा एकदा, माझ्या नावावर एक निघाला जो मी कधी घेतलाच नव्हता, तिथूनच रिपोर्ट केला. नंबर घेऊन नुसता पाडून ठेवू नका, ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी बंद करू शकते. डेटा नको असेल तर नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक आता सगळ्यांकडे असतात, दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये ते सक्तीचे केले.

वहिनींचं काय झालं ते राहिलंच. त्यांच्या घरी गेलो तर कळलं की त्यांचा रोजचा फोन अँड्रॉइड आहे, दोन सिमवाला. ट्रे बाहेर काढली, दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड. हायब्रिड ट्रे असते ना, एकतर कार्ड नाहीतर सिम. त्या कार्डात पुतण्याच्या बारशापासूनचे फोटो, म्हणून चार वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. फोटो लॅपटॉपवर घेतले, एक कॉपी पेन ड्राइव्हवर, कार्ड काढलं, नवं सिम टाकलं, अर्ध्या तासात काम संपलं. मी दिलेला जुना आयफोन एक्स आता बिनसिमचा, वायफायवर, फक्त फराळाचे फोटो काढायला, कारण चकलीचे काटे त्यात छान येतात.

रात्री नऊला वहिनी ते सिम सेटिंगमधून बंद करतात. पहिल्याच रविवारी सकाळी परत चालू करायला विसरल्या, आणि दुपारी चारला माझ्याच बायकोचा मला फोन, अहो वहिनींचा धंद्याचा नंबर का लागत नाहीये, मला दोन किलो शंकरपाळी सांगायची होती.