क्वालालंपूरच्या मामकमध्ये नासी कंदार कसं घ्यावं

क्वालालंपूरला निघालेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच, की मामक हॉटेलमध्ये काही कळलं नाही तर नुसतं बोट दाखवायचं, देतात ते. हा सल्ला देणाऱ्याने एकतर तिथे फक्त रोटी चनाय, म्हणजे पराठ्यासारखी पापुद्र्यांची रोटी, खाल्लेली असते किंवा बिल दुसऱ्या कोणीतरी भरलेलं असतं. रोटीपुरतं ठीक आहे. नासी कंदार म्हणजे भातावर आपण निवडलेले पदार्थ आणि रस्से, त्याच्या काउंटरवर मात्र नुसतं बोट दाखवलंत तर भातावर काय पडणार आणि खिशातून किती जाणार, दोन्ही गोष्टी वाढणाऱ्या डाववाल्याच्या मर्जीवर.

मामक म्हणजे तमिळ मुस्लिमांची साधी हॉटेलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलचे टेबल, बरीच तर चोवीस तास उघडी. नासी कंदार मूळचं मलेशियातल्याच पिनांग बेटाचं, तिथले विक्रेते खांद्यावर कावड घेऊन भात आणि रस्से फिरून विकायचे, त्या कावडीचंच नाव त्याला चिकटलं. पिनांगला जाणं झालंच तर कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया 1907 पासून चालू आहे, तिथे खा. पण क्वालालंपूरमध्येही चांगलं मिळतं, त्यासाठी विमान पकडायची गरज नाही.

वेळ दुपारी बाराच्या आसपासची धरा. ट्रे भरलेले असतात, सगळं ताजं असतं. रात्री अकराला जाऊन "कोंबडी कोरडी होती हो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

टेबल धरून वेटरची वाट बघत बसू नका, नासी कंदारसाठी सरळ काउंटरच्या रांगेत उभं राहायचं. रांगेत असतानाच ट्रे बघून घ्या. आयम म्हणजे चिकन, काम्बिंग म्हणजे मटण, इकान मासे, सोतोंग म्हणजे माकूळ, उदांग कोळंबी, तेलूर इकान म्हणजे माशाची गाबोळी. भेंडीला तिथेही बेंडीच म्हणतात. आणि दागिंग म्हणजे मांस असं डिक्शनरीत दिसेल पण या काउंटरवर दागिंग म्हणजे बीफ, हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी गडबड होते ती जागा, आणि मीही सुरुवातीला इथेच अडकायचो. डाववाला एका हातात प्लेट घेतो, त्यावर भात टाकतो, तुम्ही चिकनकडे बोट केलंत की चिकन ठेवतो, आणि मग तुम्ही पुढच्या ट्रेकडे बघताय तोवर त्याचा डाव सुटलेला असतो. एक डाव चिकनच्या रस्स्याचा, एक माशाच्या करीचा, एक त्या काळपट दाट बीफच्या रस्स्याचा, वर थोडी डाळ, आणि हे सगळं एकाच भातावर, जेमतेम पाच सेकंदात. याला कुआ चाम्पूर म्हणतात, मिसळलेला रस्सा. त्याच्या दृष्टीने तो तुम्हाला उत्तम जेवण देतोय आणि खरं सांगायचं तर नासी कंदारची सगळी मजा याच मिसळण्यात आहे, एकेक रस्सा वेगळा चाखला तर काहीच विशेष वाटत नाही, एकत्र आले की मसाला, गोडसर सोया आणि माशाच्या करीचा आंबटपणा भातात उतरतो. पण तुम्ही बीफ खात नसाल तर? तुम्ही नुसतं चिकन मागितलंत म्हणून बीफचा रस्सा येणार नाही असं अजिबात नाही.

म्हणून भात प्लेटमध्ये पडायच्या आधी बोला, नंतर नाही. "बॉस, कुआ दागिंग ताक माऊ." बीफचा रस्सा नको. एवढंच. हसू नका, लाजू नका, मागे रांग आहे म्हणून गडबडू नका, त्याला हे रोज ऐकायची सवय आहे. काम करणारे बरेचदा तमिळनाडूचे किंवा बांगलादेशचे असतात, मोडक्या हिंदी-इंग्रजीतही भागतं, फक्त आधी सांगायचं. भात भिजल्यावर "नो बीफ" म्हणून काय उपयोग, तो प्लेट फेकणार का? आणि डाव सगळ्या ट्रेंमध्ये तोच फिरतो, ते ज्यांना चालत नसेल त्यांनी काउंटर सोडून द्यावा आणि टेबलवर बसून रोटी मागवावी, उगाच त्या माणसाशी हुज्जत घालू नये.

शाकाहारी मंडळींना माझं स्पष्ट मत, नासी कंदारच्या नादी लागू नका. "डाळ आणि भाजी तर घेता येईल" असं लिहिणारे लोक दालचाबद्दल काही बोलत नाहीत. दालचा दिसायला आपल्या सांबारासारखा पण त्यात बरेचदा मटणाची हाडं घातलेली असतात. नासी लेमाकचंही तेच, भात नारळाच्या दुधातला असला तरी सांबलमध्ये, म्हणजे सोबतच्या मिरचीच्या चटणीत, बेलाचान म्हणजे कोळंबीचं वाटण असतं आणि वर तळलेली बारीक सुकी मासळी. त्यापेक्षा केएल सेंट्रल या मुख्य रेल्वे स्टेशनजवळ ब्रिकफील्ड्सला जा, केळीच्या पानावर जेवण मिळतं, शुद्ध शाकाहारी हॉटेलंही आहेत.

पैशाचं. चिकन, अंडं, कोबी, भेंडी, हे घ्या बिनधास्त. मोठी कोळंबी, सोतोंग, गाबोळी आणि माशाचं डोकं, यांना हात लावायच्या आधी "इनी बेरापा?" विचारा, हे कितीला. ट्रेवर भाव लिहिलेला असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर विचारायलाच हवं, कारण साध्या जेवणाचं बिल एका कोळंबीमुळे दुप्पट होऊ शकतं आणि बाहेर येऊन लोक "टुरिस्ट बघून लुटलं" म्हणतात. विचारलं नव्हतं ना? प्लेट बघून कोणीतरी चिठ्ठी देतो, ती जेवायला सुरुवात करायच्या आधी वाचा. चूक असेल तर तेव्हा दाखवता येते, हाडं उरल्यावर नाही.

आणि पहिल्यांदा एकच मांसाहारी पदार्थ, एक भाजी, एक पापडोम. बस. चार प्रकार घेतलेत की रस्से एकमेकांना खातात आणि अर्धी प्लेट तशीच राहते. भात कमी हवा तर "नासी सिकित". रस्सा भरपूर हवा तर "बांजिर", म्हणजे पूर, आणि खरोखर पूर येतो.

हात धुवा, उजव्या हाताने खा. चमचाही मिळतो.

पेयाची ऑर्डर टेबलवर घ्यायला येतात. तेह तारिक, म्हणजे फेसाळ दुधाचा चहा, घ्या, पण त्यात कंडेन्स्ड मिल्क असतं आणि ते आपल्यालाही गोड लागेल इतकं गोड असतं, म्हणून "कुरांग मानिस", कमी गोड, असं सांगा. जेवण तिखट झालं असेल तर तेह ओ आइस लिमाऊ, बिनदुधाचा लिंबाचा गार चहा, माझ्या मते तोच बरा.

उठताना चिठ्ठी घेऊन गल्ल्यावर पैसे द्यायचे, टिपची पद्धत नाही. पार्सल हवं असेल तर काउंटरवरच "बुंकुस" म्हणा आणि लगेच "कुआ आसिंग" जोडा, म्हणजे रस्सा वेगळ्या पिशवीत बांधून देतील, नाहीतर रूमवर पोचेपर्यंत भाताचा लगदा आणि पापडोमचं काय होतं ते विचारूच नका.