आजारी नसताना फॅमिली डॉक्टरकडे जाऊन नेमकं काय करून घ्यायचं

फॅमिली डॉक्टर म्हणजे ताप आला की तीन दिवसांच्या गोळ्या, एवढंच नातं उरलंय आपलं. पण धडधाकट असताना गेलात तर त्याच दवाखान्यात बऱ्याच गोष्टी होतात, फक्त आपण मागायच्या असतात.

सोमवारी संध्याकाळी जाऊ नका, बाकावर सगळे खोकत बसलेले असतात. कंपाउंडरला आधी फोन करा आणि स्पष्ट सांगा की चेकअपला यायचंय. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, कारण "ती छोटी गुलाबी गोळी" म्हटल्यावर डॉक्टरांना काही कळत नाही.

आता बीपी. सदाशिव पेठेतला आमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबा जिना चढून धापा टाकत आले आणि वर ओळखीचे एक काका भेटले, मग काय, पट्टा गुंडाळलेला असतानाच मेट्रोवर चर्चा सुरू. आकडा आला १६०/९४. डॉक्टरांनी दहा मिनिटं गप्प बसवलं, परत घेतलं तर १३४/८२! म्हणून अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवून, आणि बोलायचं नाही. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वरच येत असेल तर मात्र विषय गंभीर आहे.

शुगरला आठ-दहा तास उपाशी. उपाशी म्हणजे पाणी चालतं, अर्धा कप चहा चालत नाही, हे घरोघरी सांगावं लागतं. १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा त्यापुढे असेल तर परत तपासून खात्री करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी उपाशी न राहता होते, तिथे ६.५ पासून डायबेटिस धरतात. आणि टेपने कंबर मोजून घ्या, पँटचा नंबर सांगू नका, पुरुष ९० सेंटीमीटर, बायका ८०, त्यापुढे गेलात तर डॉक्टर बोलणारच.

तोंडाची तपासणी कोणी मागतच नाही. आमची आत्या म्हणायची, मी कुठे तंबाखू खाते, मिश्री तर लावते! अहो मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. बॅटरी मारून दोन मिनिटांत बघून होतं, पांढरा-लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर लगेच सांगा.

मोठ्यांच्या लसी हा तर विसरलेलाच धडा. धनुर्वाताचा बूस्टर दर १० वर्षांनी असतो, खिळा लागायची वाट बघायची नसते. फ्लूची लस मात्र दरवर्षी, कारण विषाणू बदलत राहतो. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू २००९ मध्ये आपल्या पुण्यातच झाला होता, आठवतंय ना ते रुमाल बांधून फिरणं? घरात साठीपुढचं कोणी, दमेकरी, डायबेटिसवाले किंवा गरोदर बाई असेल तर पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारूनच ठेवा.

लहान मुलांच्या नेहमीच्या लसी महापालिकेच्या दवाखान्यांत फुकट मिळतात, कमला नेहरू हॉस्पिटल आहेच, कार्ड तेवढं न विसरता न्या. तिशीपुढच्यांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणीही सरकारी कार्यक्रमात आहे, जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. बायका शेवटच्या दोन तपासण्या लाजून टाळतात, तेवढं करू नका.

पेपरमधून पडणारी ती सत्तर टेस्टच्या पॅकेजची पत्रकं, ती घेऊन आधी डॉक्टरांकडे जा आणि यातलं मला काय लागेल ते विचारा, आमच्या डॉक्टरांनी पेनाने बहुतेक सगळं खोडून चारच ठेवल्या होत्या.