भाड्याच्या घरातला तबला: परदेशी गेल्यावर रियाज कसा चालू ठेवावा

‘आधी जरा बस्तान बसू दे, मग बघू’ असं म्हणणाऱ्यांचे तबले आज पलंगाखाली आहेत. आमचाही सव्वा वर्ष होता. श्टुटगार्टला आलो तेव्हा पत्त्याची नोंदणी, बँक, आरोग्यविमा, मुलीच्या किटाची (पाळणाघर-बालवाडीची) वेटिंग लिस्ट, एक संपलं की दुसरं तयार. बस्तान असं कधी बसतच नाही. म्हणून पहिली गोष्ट: सोफा यायच्या आधी वाद्य खोलीत मांडा. मी तबल्याचं आणि जर्मनीचं सांगते आहे, कारण तेच मला ठाऊक आहे. तुमची पेटी असेल, देश वेगळा असेल, तर तपशील बदलून घ्या.

निघण्यापूर्वी

जमलं तर वाद्य स्थलांतराच्या सामानाबरोबरच आणा. युरोपियन युनियनबाहेर किमान १२ महिने राहिलेला माणूस इथे मुक्काम हलवतो तेव्हा किमान सहा महिने वापरातल्या घरगुती वस्तू त्याला आयातकर न भरता आणता येतात, मात्र आल्यापासून १२ महिन्यांच्या आत. नंतर सुट्टीहून परतताना विमानप्रवाशाला एकूण ४३० युरोंपर्यंतच सूट असते. दिवाळीची खरेदी आणि त्यात नवी पेटी धरली तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. सामानाची यादी करून त्यात ‘वापरलेला तबला-डग्गा’ असं स्पष्ट लिहा. जुनी पावती असेल तर जवळ ठेवा.

लाकडाची भीती बाळगू नका. शिसव-शिसमचा अख्खा गण २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, पण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून त्यातून सूट मिळाली. तानपुरा नेणाऱ्यांनी मात्र घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तपासावी. जुन्या तानपुऱ्यांना सांबरशिंगाची घोडी असते आणि वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती देशाबाहेर नेणं म्हणजे आपणहून आगीत हात घालणं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराकडून निघण्यापूर्वी घोडी बदलून घेतलेली बरी.

तबल्याबरोबर काय न्यायचं? एक जादा पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं (आपल्या तबल्याच्या तोंडाचं माप इंचात लिहून नेऊन, त्याच सुराची), जादा वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी), दोन-चार गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे), चुंबळी (वाद्याखालची गोल गादी), पावडरचा डबा आणि हातोडी. हातोडी चेक-इन बॅगेत. मी ती हातातल्या पिशवीत ठेवली होती. सुरक्षा तपासणीतल्या बाईंना ‘सूर लावायला’ हे कारण अजिबात पटलं नाही आणि आजोबांची हातोडी तिथेच राहिली.

पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी परदेशासाठी नट-बोल्टचा जोड घेईन. आमच्या सरांना तो आवडत नाही, ‘यंत्र झालं ते’ म्हणतात. पण इथे पुडी चढवून देणारा कारागीर गल्लीत नाही. वादीचा तबला ओढायला हात तयार लागतो आणि अर्धा दिवस जातो. बोल्टची पुडी पाना फिरवून आपली आपण बदलता येते.

घरात जागा

वेगळी खोली मिळणार नाही, हे धरून चला. एक कोपरा मिळवा, पण तो कायमचा मिळवा. रोज जोड कपाटातून काढायचा आणि परत ठेवायचा असेल तर तिसऱ्या आठवड्यात रियाज बंद पडतो.

कोपरा निवडताना तीन गोष्टी बघा: खिडकीखालच्या हीटरपासून दूर, शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपासून दूर, आणि खाली काय आहे. ही तिसरी गोष्ट मला उशिरा कळली. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. रियाजाच्या पहिल्या महिन्यात त्या वर आल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांचं म्हणणं मात्र वेगळंच निघालं. तबल्याचं त्यांना काही नव्हतं, तो त्यांना ऐकूही येत नव्हता. त्रास होता डग्ग्याचा. त्याची घुम लाकडी जमिनीतून उतरून त्यांच्या पलंगाच्या पायांत येत होती. मी इतके दिवस चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, रुमाल टाकून ‘ना’ दाबत होते आणि दोषी होता बाजूचा गडी.

यावर उपाय: चुंबळीखाली वॉशिंग मशीनखाली घालतात ती जाड रबरी चटई, तिच्याखाली घडी घातलेली सतरंजी किंवा जाड गालिचा. डग्गा जमिनीला थेट टेकता कामा नये. भिंतीतून जाणारा आवाज हवेतून जातो, तो पुस्तकांच्या कपाटाने बराच अडतो. जमिनीतून जाणारा आवाज मऊ थरांशिवाय अडत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे आधी करावं आणि मग शेजाऱ्यांना भेटावं.

नियम आणि शेजारी

इथे घरमालकाला घरातलं वाजवणं सरसकट बंद करता येत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये आउग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात ढोबळ माप सांगितलं: कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी आणि सुट्टीला एक ते दोन तास, शांततेच्या वेळा पाळून. रात्री साधारण १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची. शिवाय पुष्कळ इमारतींच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, दुपारी १ ते ३ सुद्धा. तो कागद शोधून वाचा. करारासोबत मिळतो आणि कुणी वाचत नाही.

पण न्यायालयाचा निकाल खिशात ठेवून शेजाऱ्याच्या दारी जाऊ नका. त्याने जिन्यातला नमस्कारसुद्धा बंद होतो. मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या: आम्ही नवीन आलो, मी भारतीय ढोल वाजवते (तबला म्हणजे काय हे तिथे समजावत बसले नाही), रोज संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात, त्रास झाला तर या क्रमांकावर कळवा. तो कागद जिन्यात, आठवड्याच्या सफाईची पाळी कुणाची हे सांगणारी ती केअरवोखेची पाटी लटकते, तिच्या शेजारी लावला. स्वाबियन, म्हणजे या भागातला, माणूस वेळेवर होणारा आवाज सहन करतो, अवेळी होणारा नाही. आणि एक सांगू? जिना नीट पुसलात तर कायद्याची गरजच पडत नाही.

पहिला हिवाळा

इथे जरा थांबते, कारण माझी सगळ्यात महाग चूक इथली आहे.

माझा तबला पेटीच्या काळी एक पट्टीचा. डिसेंबरात तो चढायला लागला. गट्टे वर केले, गजऱ्याला (पुडीभोवतीच्या वेणीला) खालून ठोके दिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. जानेवारीत पुढच्या सुराला, पांढरी दोनला, चिकटून बसला. मला वाटलं कान बिघडला. एका रात्री जेवताना ‘टक्’ असा आवाज आला. लेकीला वाटलं गॅलरीतली कुंडी पडली. पुडी मैदानात, शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) काठापासून चाटेपर्यंत फाटली होती.

कारण साधं आहे. बाहेरची शून्य अंशाची हवा ओलसर वाटली तरी तिच्यात बाष्प फार थोडं असतं. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापली की सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत खाली येते. कातडं वाळतं, आकसतं, ताण वाढतो. शाईचे कणही सुटायला लागतात. पुण्याच्या जुलैत तबला उतरतो म्हणून आपण चडफडतो. इथे बरोबर उलटं.

आता आम्ही काय करतो ते क्रमाने:

१. दहाएक युरोंचा आर्द्रतामापक कोपऱ्यातच ठेवला आहे. ४० ते ५५ च्या मधे काटा असला की बघायचं नाही. ३५ च्या खाली गेला की पुढचं.

२. धुतलेल्या कपड्यांचा स्टँड तबल्याच्या खोलीत. घरमालक भिंतींना बुरशी धरेल म्हणून कुरकुरतात, तेव्हा मापक ६० च्या वर जाऊ द्यायचा नाही. कपड्यांची जागा मग बदलायची.

३. इथे सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायची पद्धत आहे. ती पाळा, पण तेवढा वेळ तबला गादीच्या आवरणात झाकून खिडकीपासून लांब.

४. वाजवून झालं की गट्टे थोडे वर, म्हणजे ताण उतरतो. पिशवीत भोकं पाडलेली छोटी डबी, त्यात पिळून घेतलेला स्पंज. स्पंज पुडीला लागता कामा नये. ओलं फडकं पुडीवरून फिरवायचा मोह होतो, शाई जाईल, फिरवू नका.

५. वाजवायच्या आधी दहा मिनिटं आवरण काढून ठेवा, मग सूर लावा. बाहेरून कार्यक्रमाला नेलं असेल तर जास्त वेळ. गार गाडीतून काढलेला तबला लगेच लावला की अर्ध्या तासात खोटा होतो.

वेळ कुठून काढायचा

डिसेंबरात श्टुटगार्टला सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि साडेचार वाजता दिवेलागण होते. अशा दिवशी ‘मूड आला की बसू’ म्हणणारा मे महिन्यातच बसतो. तिथे पुण्यात आईकडे मुलगी सोडून मी दोन तास बसत असे. इथे आई नाही, कामाला बाई नाही, आणि रियाजाला बसलेली बाई म्हणजे कुणी तरी दुसरं भांडी घासतं आहे, हे विसरून चालत नाही.

आमच्या घरात यावरून दोन कडाक्याची भांडणं झाली, मग वाटणी झाली. सोमवार ते गुरुवार साडेसहा ते सव्वासात माझे. तेव्हा लेकीची आंघोळ आणि कुकर नवरा बघतो. त्याला सह्याद्रीत भटकायची सवय, म्हणून शनिवारी सकाळपासून तो श्वेबिशे आल्बच्या डोंगरात आणि घर माझ्याकडे. शुक्रवारी कुणाचंच काही नाही. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे वेळ मोकळा, पण शांतता हवी, म्हणून डग्गा झाकून फक्त पढंत. मांडीवर बोल म्हणत बसलं तर कुठलाही शेजारी तक्रार करत नाही, आणि कायदे-रेले (तबल्याच्या बंदिशी) पाठ नव्हते हे तेव्हाच कळतं.

पंचेचाळीस मिनिटं थोडी वाटतात. वीस मिनिटं एकच कायदा, एकच लय, लेहऱ्याच्या (तालाला धरून फिरत राहणाऱ्या धुनेच्या) ॲपवर. पंधरा मिनिटं चालू धडा. उरलेली दहा मनाला येईल ते. ही शेवटची दहा काढून टाकू नका, त्यांच्यासाठीच आपण बसतो.

सरांचा तास

भारतातल्या गुरूंकडे ऑनलाइन शिकायचं तर घड्याळ सांभाळा. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन. सरांचं घड्याळ हलत नाही, आपलं हलतं, तेव्हा आठवण आपण करायची. एका ऑक्टोबरअखेरीस आमचे सर ठरल्या वेळी येऊन तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिले. ते काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

झूमवर बसत असाल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजनल साउंड’ चालू करा. नाही तर ॲपला तबला म्हणजे गोंगाट वाटतो आणि ते डग्गा गाळून टाकतं. सरांना फक्त ‘ना-ना’ ऐकू येतं आणि ते विचारतात, ‘डावा हात गेला का गं?’ दोघांनी एकत्र वाजवायचा नाद सोडा. आवाज पोचायला लागणारा वेळ लयीला पुरतो तेवढा कमी होत नाही. आठवड्यात एक रेकॉर्डिंग पाठवा आणि तासात त्यावरच बोला.

संगत

एकट्याने तीन महिने चालतं, पुढे माणसं लागतात. शहरातलं महाराष्ट्र मंडळ, कथ्थक शिकवणाऱ्या बाई, भजनी मंडळ: तबलजी सगळ्यांना हवा असतो, तुम्ही फक्त ‘वाजवते’ एवढं सांगा. शहराच्या लोकशिक्षण केंद्रात, म्हणजे फोक्सहोखशूलेमध्ये, संगीताचे वर्गही बघा. स्वतःची नोंदणीकृत संस्था काढायची तर इथे किमान सात संस्थापक सभासद लागतात. सात मराठी माणसं जमतात, सातांचं एकमत जमत नाही. पहिल्या वर्षी चिटणीसपद घेऊ नका, रियाज मिनिट्सच्या वहीत जातो.

मुलं

शिकवायला बसू नका. मी बसले होते, पंधरा दिवसांत लेक तबल्याकडे पाठ करून बसायला लागली. मग सोडून दिलं. आता सकाळी किटाला जाताना ती जिना तीनतालात उतरते, पायरीला एक मात्रा, ‘धा धिं धिं धा’ आणि खालीला (नवव्या मात्रेला) हात बाजूला. आमच्या जिन्याला पायऱ्या पंधरा. सोळावी मात्रा फरशीवर येते आणि सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, खालच्या आजींच्या पायपुसण्यावर, दोन्ही पायांनी, धप्प. आजी दार उघडून बघतात. परवा त्यांनी विचारलं, रोज तिथेच का उडी मारते?