शाश्वततेच्या अभ्यासासाठी बिझनेस स्कूल कसे निवडावे

शाश्वतता हा विषय शिकण्यासाठी बिझनेस स्कूल निवडायचे असेल, तर माहितीपत्रकातील ऐच्छिक विषयांची यादी वाचण्याआधी त्या संस्थेच्या सक्तीच्या विषयांचा, विशेषतः वित्त, लेखा आणि उत्पादन व्यवस्थापन यांचा, तासवार अभ्यासक्रम मिळवावा. ऐच्छिक विषय वाढवणे कोणत्याही संस्थेला सोपे जाते. एखादा पाहुणा प्राध्यापक बोलावला की काम भागते. वित्ताच्या मूळ तासाला नव्या कारखान्यातील गुंतवणुकीचा हिशेब मांडताना कार्बन उत्सर्जनाची किंमत धरायला शिकवणे मात्र अवघड आहे, कारण त्यासाठी तिथल्या कायम प्राध्यापकांना स्वतःचा विषय नव्याने मांडावा लागतो. ज्या संस्थेने हे कष्ट घेतले आहेत, तिनेच हा विषय मनावर घेतला आहे, असे माझे ठाम मत आहे.

अभ्यासक्रम हाती आला की शाश्वततेचा उल्लेख कितव्या आठवड्यात येतो आणि त्याला किती गुण आहेत, हे पाहावे. सत्राच्या शेवटच्या तासाला, परीक्षेच्या तोंडावर, ‘व्यवसाय आणि पर्यावरण’ असा एक धडा ठेवला असेल आणि त्यावर एकही गुण नसेल, तर तो घाईत उरकला जाणार हे उघड आहे. याहून खात्रीची परीक्षा प्रश्न विचारून घेता येते. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या जगभर वापरल्या जाणाऱ्या हिशेबपद्धतीत कंपनीचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन तीन भागांत मोजतात. स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर आणि वाहने यांतून होणारे ते स्कोप १, विकत घेतलेल्या विजेमागचे ते स्कोप २, आणि पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचे उरलेले सगळे ते स्कोप ३. या तिसऱ्या भागात १५ प्रकार आहेत आणि त्यांतला शेवटचा प्रकार गुंतवणुकीचा आहे. बँकेच्या इमारतीतले दिवे बदलून तिच्या एकूण उत्सर्जनात फारसा फरक पडत नाही, कारण त्याचा मोठा वाटा तिने कर्ज दिलेल्या वीजकेंद्रांत आणि सिमेंटच्या कारखान्यांत असतो. तेव्हा प्रवेशपूर्व माहितीसत्रात वित्ताच्या प्राध्यापकांना सरळ विचारावे, की बँकेच्या कर्जांमागचे उत्सर्जन तुमच्या वर्गात कसे मोजायला लावता. उत्तरात एखादे सोडवलेले उदाहरण किंवा विद्यार्थ्यांचा प्रकल्प आला, तर समाधान मानावे. केवळ संस्थेच्या मूल्यांची महती ऐकायला मिळाली, तर पुढच्या संस्थेकडे वळावे.

हा विषय वेगाने बदलतो, म्हणून अभ्यासक्रम किती ताजा आहे हेही तपासावे. कंपन्यांनी हवामानविषयक आर्थिक माहिती कशी जाहीर करावी हे सुचवण्यासाठी २०१५ मध्ये नेमलेला टीसीएफडी हा कृतिगट २०२३ मध्ये विसर्जित झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये शाश्वततेची माहिती कंपन्यांनी कशी द्यावी हे सांगणारी आयएफआरएस एस१ व एस२ ही नवी आंतरराष्ट्रीय मानके जाहीर झाली. टीसीएफडी शिकवण्यात काही वावगे नाही, कारण नवी मानके त्याच पायावर उभी आहेत. पण अभ्यासक्रम तिथेच थांबत असेल, तर तो जुना झाला आहे. आयएफआरएसची मानके मुख्यतः गुंतवणूकदाराला काय कळायला हवे याचा विचार करतात, तर युरोपीय संघाचे नियम कंपनीचा समाजावर आणि निसर्गावर होणारा परिणामही जाहीर करायला लावतात. २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने हे नियम सौम्य करण्याचा प्रस्ताव मांडला. कंपनी नेमकी कोणाला उत्तरदायी आहे, हाच या साऱ्या वादाचा गाभा आहे, आणि जिथे त्यावर दोन्ही बाजूंनी खुली चर्चा होते त्या वर्गात बसायला मिळणे मोलाचे आहे.

क्रमवाऱ्यांवर फार विसंबू नये. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए क्रमवारीत माजी विद्यार्थ्यांच्या पगाराला मोठे वजन असते. कॉर्पोरेट नाइट्स या कॅनडातील नियतकालिकाची क्रमवारी शाश्वततेवरच बेतलेली आहे, आणि पॉझिटिव्ह इम्पॅक्ट रेटिंगमध्ये विद्यार्थी स्वतःच आपल्या संस्थेला गुण देतात. प्राथमिक चाळणीसाठी या दोन्हींचा उपयोग होतो. बिझनेस स्कूलांना दिली जाणारी ‘एएसीएसबी’ किंवा ‘इक्विस’ ही आंतरराष्ट्रीय मान्यता संस्थेच्या एकंदर दर्जाविषयी सांगते, या विषयातील खोलीविषयी फारसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने २००७ मध्ये सुरू झालेल्या, जबाबदार व्यवस्थापन शिकवण्यासाठीच्या ‘पीआरएमई’ उपक्रमाच्या सदस्य संस्थांना आपल्या प्रगतीचे अहवाल द्यावे लागतात. निव्वळ सदस्यत्वाला महत्त्व देऊ नये, मात्र अहवाल जरूर वाचावा आणि मागच्या अहवालातील संकल्पांचे पुढे काय झाले ते ताडून पाहावे.

पदवीचा प्रकार आपल्या पूर्वशिक्षणावरून ठरवावा. मिशिगन आणि येल विद्यापीठांत एमबीएबरोबर पर्यावरणाची दुसरी पदवी घेता येते. वाणिज्य शाखेतून आलेल्या आणि परिसंस्था, ऊर्जा, पाणी यांचे विज्ञान न शिकलेल्या विद्यार्थ्याला असा जोड अभ्यासक्रम जास्त वेळ आणि पैसा घेऊनही उपयोगी पडेल. अभियंत्याला किंवा पर्यावरणशास्त्राच्या पदवीधराला मात्र तेच पुन्हा शिकण्याऐवजी भक्कम वित्त शिकवणारी संस्था अधिक लाभाची ठरेल, मग तिच्या नावात ‘शाश्वत’ हा शब्द नसला तरी चालेल.

शेवटी, दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या किमान चार माजी विद्यार्थ्यांशी बोलावे, आणि त्यांतले दोघे तरी संस्थेने सुचवलेले नसावेत. त्यांचे पद कोणते हे विचारून थांबू नये. ते कंपनीत कोणाच्या हाताखाली काम करतात तेही विचारावे. प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखाला अहवाल लिहून देणारा आणि वित्तप्रमुखासमोर गुंतवणुकीचे पर्याय मांडणारा, हे दोघेही कागदावर ‘शाश्वतता व्यवस्थापक’ असू शकतात. चौघांपैकी किती जण दुसऱ्या प्रकारचे काम करतात आणि त्या कामासाठी लागणारे काय त्यांना वर्गात मिळाले, काय बाहेर शिकावे लागले, हे नोंदवून ठेवावे व ती नोंद समोर ठेवूनच प्रवेशशुल्क भरावे.