‘ॲडव्हेंचर आयलंड २’ शेवटच्या बेटापर्यंत कसा खेळावा

कमरेला गवताचा घागरा, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात दगडी कुऱ्हाड घेतलेला मास्टर हिगिन्स १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील कितीतरी घरांत पोहोचला, तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधून. त्या कॅसेटवर बहुतेक वेळा या मालिकेचा पहिला भाग असे. जपानच्या हडसन सॉफ्ट या कंपनीने तो १९८६ मध्ये ‘वंडर बॉय’ या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील) गेमवरून बेतला होता आणि नायकाच्या जागी आपल्याच कंपनीचा प्रसिद्धिप्रमुख, सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्यासाठी गाजलेला ताकाहाशी मेइजिन, याचे चित्ररूप बसवले होते. १९९१ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा धावणे, उड्या मारणे आणि फळे गोळा करणे हे सारे तसेच राहिले. मात्र त्यात डायनासोर आले आणि मिळवलेल्या वस्तू शिलकीत ठेवण्याची सोय आली. या दुसऱ्या सोयीने खेळाचा स्वभावच बदलला. पहिल्या भागाच्या सवयीने जो नुसता धावत सुटतो, तो तिसऱ्या-चौथ्या बेटावर अडकतो. जो शिल्लक सांभाळतो, तो मध्यम हाताचा खेळाडू असूनही शेवटपर्यंत जातो. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीला धरून आहेत.

खेळायला बसण्यापूर्वी आपल्यापुढे नेमका दुसराच भाग आहे याची खात्री करून घ्यावी, कारण शेकडो गेमचा दावा करणाऱ्या कॅसेटवर एकच गेम चार-पाच नावांनी छापलेला असे आणि नावापुढच्या आकड्याला काही अर्थ नसे. डायनासोर मुळीच नसतील तर तो पहिला भाग होय. चार डायनासोर असतील आणि प्रत्येक स्टेजच्या आधी बेटाचा नकाशा दिसत असेल, तर तो दुसरा. ट्रायसेराटॉप्सही भेटला किंवा कुऱ्हाडीऐवजी बूमरँग मिळाले, तर तो १९९२ चा तिसरा भाग समजावा. तिसरा भाग दिसायला दुसऱ्यासारखाच असल्यामुळे गोंधळ होतो. तरी येथील सल्ला त्यालाही बराचसा लागू पडतो.

जुना संच वापरणार असाल तर

माळ्यावरचा जुना संच काढून खेळण्याचा विचार असेल, तर सर्वप्रथम अडॅप्टर पाहावा. निन्टेन्डोच्या मूळ जपानी यंत्राच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या, अडॅप्टरची पिन आतून ऋण आणि बाहेरून धन असते, म्हणजे आपल्याकडील बहुतेक अडॅप्टरच्या नेमकी उलट. त्याच्या नकला करणाऱ्या संचांत मात्र दोन्ही प्रकार आढळतात, तेव्हा संचाच्या तळाशी छापलेले चिन्ह आणि व्होल्ट वाचल्याशिवाय घरातला दुसरा अडॅप्टर त्यात खुपसू नये. कॅसेट चालत नसेल तर तोंडाने फुंकर मारण्याची आपली लहानपणीची विद्या विसरावी, कारण श्वासातील ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पट्ट्या उभ्या दिशेने पुसाव्यात, काडीवर काळे येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहावे आणि कॅसेट पूर्ण वाळल्यावरच बसवावी. अमेरिकेतून आणलेले मूळ कार्ट्रिज या संचांत बसत नाही, कारण फॅमिकॉमच्याच अमेरिकी आवृत्तीच्या, म्हणजे एनईएसच्या, कार्ट्रिजला ७२ पिना असतात आणि फॅमिकॉमच्या कॅसेटला ६०. मधला जोड वेगळा घ्यावा लागतो.

नव्या सपाट टीव्हीवर आणखी एक अडचण येते. चित्र दिसते, पण बटण दाबणे आणि हिगिन्सने उडी मारणे यांत किंचित अंतर पडते आणि खेळणाऱ्याला वाटते की आपलाच हात मंदावला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो सुरू करावा. त्याने चित्रावरची बरीचशी प्रक्रिया बंद होऊन हे अंतर कमी होते. एव्हीचे एचडीएमआय करणारा स्वस्त डबा मध्ये असेल, तर तोही आपल्या परीने उशीर करतोच.

संगणकावर किंवा फोनवर

एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारा प्रोग्राम, वापरणे सोपे आहे. संगणकावर मेसेन किंवा एफसीईयूएक्स आणि अँड्रॉइड फोनवर रेट्रोआर्क हे पर्याय या गेमसाठी पुरेसे आहेत. गेमचे हक्क हडसन २०१२ मध्ये ज्या कंपनीत विलीन झाली त्या कोनामीकडे असल्याने आपल्याजवळच्या कार्ट्रिजमधूनच फाइल काढून घेणे हा सरळ मार्ग होय. त्यासाठी यूएसबीला जोडायची छोटी उपकरणे मिळतात. फोनच्या पडद्यावरील बटणांनी हा गेम खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे एकच बटण धावण्याचे आणि कुऱ्हाड फेकण्याचे असे दुहेरी काम करते आणि काचेवर सरकणाऱ्या अंगठ्याला ते काम जमत नाही. साधा ब्लूटूथ गेमपॅड घेतला तरी पुष्कळ झाले.

एम्युलेटर सुरू केल्यावर अनेकांची तक्रार असते की गेम लहानपणी होता त्यापेक्षा वेगवान वाटतो आणि संगीतही घाईने वाजते. हा भास नाही. जपानी व अमेरिकी यंत्रे सेकंदाला सुमारे ६० चौकटी (स्थिर चित्रे) दाखवत, तर भारतातील टीव्ही पाल या प्रक्षेपण पद्धतीचे असल्याने इकडे खपणारे संच बहुधा ५० चौकटींवर चालत. हा गेम आपली चाल चौकटी मोजून ठरवतो, त्यामुळे आपण तो मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश गतीने खेळलो. एम्युलेटरच्या ‘रीजन’ या पर्यायात ‘डेंडी’ निवडले की तीच गती परत मिळते. डेंडी हे अशाच एका तैवानी बनावटीच्या, रशियात खपलेल्या संचाचे नाव आहे. ‘पाल’ हा पर्याय युरोपातील अधिकृत यंत्राचा असून त्यात सूरही थोडे खाली येतात, म्हणून आपल्या आठवणीशी ‘डेंडी’च अधिक जुळतो. नवशिक्याने पहिली दोन-तीन बेटे या संथ गतीने शिकावीत आणि हात बसल्यावर मूळ गतीवर जावे. याला कोणी लबाडी म्हणेल, तर आपल्या अख्ख्या पिढीने ती नकळत केलेली आहे.

हाताची सवय

‘ए’ने उडी आणि ‘बी’ने हल्ला, इतके सर्वांना माहीत असते. ‘बी’ दाबून धरले की हिगिन्स धावतो आणि धावत मारलेली उडी अधिक दूर जाते, हेही लवकर कळते. खरा प्रश्न धावताना कुऱ्हाड फेकण्याचा आहे. त्यासाठी बोट उचलून पुन्हा दाबावे लागते आणि त्या क्षणी धाव तुटते. म्हणून खड्ड्याच्या काठावर, उडीच्या ऐन तयारीत कुऱ्हाड फेकण्याचा मोह टाळावा: वाटेतला शत्रू आधी मारावा, मग दोन पावले मागे येऊन बटण दाबून धरावे आणि नंतरच उडी घ्यावी. दुसरा मार्ग म्हणजे हवेत गेल्यावर फेकणे. उडी एकदा सुटली की बटण पुन्हा दाबण्याने फारसे बिघडत नाही. कुऱ्हाड सरळ न जाता कमानीसारखी जाऊन खाली पडते, त्यामुळे जमिनीलगतच्या गोगलगायीला उभ्याने आणि वरून येणाऱ्या शत्रूला उडीच्या टोकावरून मारावे लागते. जुन्या गेमपॅडवरचे टर्बो बटण येथे उलट घात करते, कारण ते ‘बी’ सतत दाबत-सोडत राहते आणि धाव टिकतच नाही.

वरच्या पट्टीतील शक्ती आपोआप घटत जाते आणि फळे खाल्ल्याने भरते. या मालिकेत वेळेचे वेगळे घड्याळ नाही. ही पट्टी हेच घड्याळ. तेव्हा थांबून विचार करता येतो, पण फार वेळ नाही. दगडाला ठेचकाळल्यास शक्ती कमी होते, जीव जात नाही; शत्रूला किंवा विस्तवाला स्पर्श झाला तर मात्र जीवच जातो. फळ उंच कमानीत टांगलेले असेल, तर ते बहुधा उडीची योग्य रेषा दाखवत असते. मात्र खड्ड्यावरच्या शेवटच्या फळासाठी जीव धोक्यात घालू नये.

अंड्यातून स्केटबोर्ड निघाला की नवशिक्याला आनंद होतो. स्केटबोर्ड एक धक्का स्वतःवर घेतो, हे खरे. पण तो थांबत नाही आणि मागे येऊ देत नाही. ओळखीच्या, सपाट स्टेजमध्ये तो वरदान असतो आणि अनोळखी स्टेजमध्ये संकट.

शिलकीचा हिशेब

स्टेज सुरू होण्यापूर्वी आपल्याजवळच्या वस्तू दाखवणारा पडदा येतो आणि त्यातून काय न्यायचे ते निवडायचे असते. हा पडदा घाईने ‘स्टार्ट’ दाबून ओलांडणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. महिनाअखेरपर्यंत किराणा पुरवणाऱ्या गृहिणीच्या नजरेने त्याकडे पाहावे. सुरुवातीच्या फर्न आयलंडवर शक्य तेथे काहीच न नेता उतरावे, कारण तेथे शत्रू मंद आहेत आणि कुऱ्हाड स्टेजमधल्या अंड्यांतूनच मिळते. या बेटावर साठवलेली प्रत्येक वस्तू पुढे कामाला येते. काही अंडी दिसत नाहीत, ठरावीक जागी कुऱ्हाड फेकल्यावर ती प्रकट होतात. म्हणून सोप्या बेटांवर संशयास्पद रिकाम्या जागा चाचपून पाहण्यास हरकत नाही. कठीण बेटांवर हा उद्योग परवडत नाही.

डायनासोर अंड्यातून पत्त्यांच्या चिन्हांच्या रूपाने निघतात: बदाम, इस्पिक, किल्वर आणि चौकट. कोणत्याही डायनासोरवर बसलेले असताना धक्का लागला, तर डायनासोर जातो आणि हिगिन्स वाचतो. म्हणजे प्रत्येक डायनासोर हा एक जादा जीवच असतो. निळा कॅम्प्टोसॉरस शेपटीने फटका मारतो आणि त्याचा पल्ला जवळचा, तर लाल भाऊबंद तोंडाने आग फेकतो. इलास्मोसॉरस पाण्यातला गडी आहे, जमिनीवर त्याला नेणे म्हणजे होडी खांद्यावर घेऊन चालणे. टेरानोडॉन उडतो आणि वरून दगड टाकतो. चौघांत मौल्यवान तोच, कारण खड्ड्यांनी भरलेली अख्खी स्टेज त्याच्या पाठीवरून ओलांडता येते.

बेटे आठ आहेत: फर्न, लाव्हा, डेझर्ट, पिरॅमिड, रिव्हर, आइस, क्लाउड आणि शेवटचे डायनासोर आयलंड. त्यांच्या नावांवरूनच शिलकीची आखणी करता येते. इलास्मोसॉरस रिव्हर आयलंडपर्यंत राखून ठेवावा. टेरानोडॉन पहिल्या चार बेटांवर हाताला लागला तरी खर्चू नये. क्लाउड आयलंडवर पायाखाली जमीनच कमी असल्यामुळे तेथे त्याची खरी गरज भासते. निळा आणि लाल हे दोघे मधल्या स्टेजमध्ये वापरण्यास हरकत नाही, कारण ते पुन्हा मिळत राहतात. आइस आयलंडवर पाय घसरतो, तेव्हा तेथे उड्या लहान घ्याव्यात आणि जमिनीला पाय टेकण्याआधीच उलटी दिशा दाबण्याची सवय करावी.

प्रत्येक बेटाचा एक बॉस, म्हणजे शेवटी हरवायचा मोठा शत्रू, असतो आणि त्याच्याकडून हरल्यास या गेमची एक खोडी समोर येते: तो तेथेच आपली वाट पाहत न थांबता बेटावरील दुसऱ्या जागी जातो, त्यामुळे आपल्याला आणखी एक स्टेज पार करून त्याला गाठावे लागते. एका पराभवाची किंमत एक जीव, एक कुऱ्हाड आणि वर एक स्टेज अशी होते. म्हणून बॉसकडे जाताना शिलकीत किमान दोन कुऱ्हाडी जादा असाव्यात. त्या नसतील आणि जीवही मोजके उरले असतील, तर एम्युलेटरवर जुन्या जतन केलेल्या जागेवरून ते बेट पुन्हा खेळणे शहाणपणाचे ठरते. प्रत्यक्ष लढतीत पहिली काही सेकंदे हल्ला न करता बॉसची उडी आणि फेक यांची लय पाहावी. ती फारशी बदलत नाही. तो जमिनीवर उतरल्यावर एकदाच फेकावे आणि मागे सरकावे. दोन फेकी साधण्याच्या लोभाने बहुतेक जीव जातात.

मूळ गेममध्ये पासवर्ड नाही आणि सेव्ह करण्याची सोयही नाही, म्हणजे खऱ्या संचावर तो एका बैठकीत संपवावा लागतो. एम्युलेटरमध्ये कोठेही जतन करता येते, पण स्टेजच्या मध्यावर जतन करू नये. शक्ती संपत आलेली आहे, कुऱ्हाड नाही आणि पुढे खड्डा आहे, अशा क्षणी जतन झाले तर त्यातून सुटका नसते. नकाशाचा किंवा वस्तूंचा पडदा समोर असतानाच जतन करावे, त्यासाठी दोन वेगळ्या जागा आलटून पालटून वापराव्यात आणि प्रत्येक बेटाच्या आरंभीची एक प्रत स्वतंत्र जागी न पुसता ठेवावी. डायनासोर आयलंडवर पाऊल टाकताना शिलकीत एक टेरानोडॉन आणि तीन-चार कुऱ्हाडी असतील, तर बेटावर उतरावे. नसतील, तर क्लाउड आयलंडच्या आरंभीची प्रत उघडून तेथून पुन्हा निघावे.