पुण्यात ज्वालामुखीच्या धोक्याविषयी जागृती कशी करावी

पुण्यात सुरुवात पायाखालच्या काळ्या पाषाणापासून करावी. पाताळेश्वराचे लेणे ज्या बेसाल्टमध्ये कोरले आहे, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनला, हे श्रोत्यांना तेथेच नेऊन दाखवावे. मात्र आज भारतातील जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे, पुण्याजवळ नाही, हेही निःसंदिग्धपणे सांगावे. अन्यथा टेकडीवर फिरायला जाणारे उगाच धास्तावतात.

मग हे शिकायचे कशाला, असा प्रश्न येतोच. जागृत ज्वालामुखी असलेल्या बाली किंवा जावा बेटांच्या सहलीला जाणाऱ्यांना निषिद्ध क्षेत्राची मर्यादा पाळण्यास, राखेत एन-95 मास्क लावण्यास आणि नदीपात्रापासून दूर राहण्यास शिकवावे. या शेवटच्या मुद्द्याला अधिक वेळ द्यावा. 1985 मध्ये कोलंबियातील नेवादो देल रुइझच्या उद्रेकाने शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाचा लोंढा नदीखोऱ्यांतून सुमारे अडीच तासांनी आर्मेरो शहरावर आदळला. धोक्याचा नकाशा आधीच तयार असूनही 20 हजारांहून अधिक माणसे दगावली. म्हणून नकाशा नुसता दाखवू नये, तर त्यावर जवळची उंच जागा आणि तिथवरची वाट श्रोत्यांकडूनच पेन्सिलीने आखून घ्यावी.